पाठीतलं पाणी काढू द्यावं का? भावाची एलपी उद्या सकाळी आहे, घरचे सही करत नाहीत

चंद्रकोर_११ (बुधवार, रात्री ९:२०)

धाकटा भाऊ, वय २४. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, तीन दिवसांत बराही झाला. गेल्या शनिवारी तळपायांना मुंग्या येतात म्हणाला, आम्ही हसण्यावारी नेलं. सोमवारी जिना चढताना कठडा धरून पाय ओढत होता. मंगळवारी खाली बसला तो उठेचना, तेव्हा ॲडमिट केलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाहिलं, पाय जराही उडाला नाही. जीबीएस असावं म्हणतात, म्हणजे गियां-बारे, नसांचा आजार. उद्या सकाळी एलपी करायची आहे, पाठीतलं पाणी काढून तपासायचं आहे.

घरात यावरून रण माजलंय. काकांनी सांगितलं की पाठीत सुई टोचली की माणूस कायमचा लुळा पडतो, त्यांच्या ओळखीतल्या एकाचं तसंच झालं म्हणे. तेव्हापासून बाबा फॉर्मला हात लावत नाहीत. भाऊ म्हणतो, बाबा म्हणतील तसं. मी मधल्यामध्ये लटकलेय. डॉक्टरांनी समजावलं, पण राउंडच्या घाईत, दोन मिनिटांत.

सुई नेमकी जाते कुठे? मज्जारज्जूला लागली तर? काढलेलं पाणी परत भरतं का? पायांतली ताकद आधीच चाललीय, त्यात हे कशाला? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी सांगा. गुगल करून, रडून, दोन्ही झालंय.

स्पष्टवक्ता (९:४१)

आजकाल सगळं एमआरआयमध्ये दिसतं. सुया टोचायचे जुने प्रकार कशाला? आधी एमआरआयचा आग्रह धरा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मग बघा. उगाच घाई करू नका.

रिकामा_खिसा (९:५८)

माझी झालीय, चार वर्षांपूर्वी. मेंदूच्या आवरणाला सूज आली होती, व्हायरल निघाली. टोचतानाचं म्हणाल तर भुलीचं इंजेक्शन चरचरलं, दहा सेकंद फार तर. पुढे कोणीतरी पाठीत अंगठा रोवून दाबतंय असं वाटत राहिलं, बस. पाय शाबूत आहेत, त्याच पायांनी रोज बस पकडतो.

पण त्रास झाला तो नंतर, आणि तो कोणी आधी सांगितला नव्हता म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला उठलो आणि मिनिटभरात मानेपासून कपाळापर्यंत असं काही ओढायला लागलं की बेसिन धरून खाली बसलो. आडवा झालो तर दहा मिनिटांत गायब. पुन्हा उठलो, पुन्हा हजर. दोन दिवस आडव्यानेच काढले, चूळसुद्धा कुशीवर वळून भरली. मग डॉक्टरांनी कारण सांगितलं. सुईने पाठीतल्या पाण्याभोवतीच्या आवरणाला पडलेलं भोक लगेच बुजलं नव्हतं, पाणी आतल्या आत झिरपत होतं. मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम, पण तो त्या पाण्यात तरंगतो म्हणून आत भार पडतो जेमतेम ५० ग्रॅमचा. पाणी कमी झालं की उभं राहिल्यावर मेंदू खाली ओढला जातो आणि आवरणं ताणली जातात. तिसऱ्या दिवशीही थांबेना तेव्हा माझ्याच दंडातलं वीसेक मिली रक्त काढून पाठीत त्याच जागी, आवरणाच्या बाहेरच्या बाजूला सोडलं. रक्त गोठून भोकाला ठिगळ बसतं. अर्ध्या तासाने उठून बसलो तर डोकं माझं मला परत मिळालेलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की पाठीतून भूल देण्याची पद्धत १८९८ मध्ये ज्यांनी रुजवली ते जर्मनीतले सर्जन ऑगुस्ट बीअर यांनी स्वतःच्याही पाठीत सुई घालून घेतली होती. सहायकाच्या हातची सिरिंज सुईवर बसेना, तोवर बरंच पाणी वाहून गेलं. पुढचे कित्येक दिवस बीअरसाहेब याच डोकेदुखीने आडवे. हे वाचून मला बरं वाटलं, कशाने ते माहीत नाही.

निवृत्त_सिस्टर (१०:२५)

चंद्रकोर, अगं आधी एक घोट पाणी पी. एकोणतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यातली बरीच मेंदूविकारांच्या वॉर्डात. एलपीला पेशंटला धरून ठेवायचं काम सिस्टरचं किंवा वॉर्डबॉयचं. डॉक्टर पाठीमागे बसतात, त्यांना दिसते पाठ. पेशंटचा चेहरा फक्त धरणाऱ्याला दिसतो. तेव्हा मी जे सांगतेय ते त्या बाजूने पाहिलेलं आहे.

तुझ्या पहिल्या प्रश्नापासून धरते. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून खाली आलेली मुख्य दोरी. ती पाठीच्या कण्यात पार माकडहाडापर्यंत जाते असं सगळ्यांना वाटतं. तशी ती जात नाही. मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी ती संपते. त्याखाली पाण्याने भरलेली पिशवी असते आणि तिच्यात मज्जातंतूंचा सुटा झुपका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सुई जाते तिसऱ्या-चौथ्या नाहीतर चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून. म्हणजे दोरी जिथे संपली त्याच्याही खाली. तिथे सुईच्या टोकाला लागायला मज्जारज्जू नसतोच. ते सुटे तंतू पाण्यात हलते असतात, सुई आली की बाजूला सरकतात. एखाद्याला चुकून टोक घासलंच तर पायात झटका बसल्यासारखं सळकन जातं. तेव्हा भावाने पाय झाडायचा नाही, तोंडाने सांगायचं, 'उजव्या पायात गेलं' किंवा 'डाव्या'. डॉक्टरांना त्यावरूनच कळतं की सुई कुठल्या बाजूला कलली आहे, ते ती सरळ करतात. आम्ही हे आधीच पढवून ठेवायचो. न पढवलेला पेशंट दचकतो, आणि दचकण्यानेच काम वाढतं.

जागा हाताने सापडते. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडाची कड लागते ना, तिच्यावर बोटं ठेवून दोन्ही अंगठे मध्ये आणले की चौथा मणका येतो. तुझ्या स्वतःच्या कमरेवर करून बघ. एक जुने सर पेनच्या टोपणाने तिथे गोल दाबून ठेवायचे. शाई आयोडीनने पुसली जाते, पण टोपणाचा वळ राहतो.

आता उद्या सकाळी काय होईल ते. आधी लघवी करून यायची. मग पलंगाच्या अगदी कडेला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. पोटातल्या बाळासारखं. माझं काम इथे. एक हात गुडघ्यांच्या मागून, दुसरा मानेमागून, आणि माणसाला घडी घालायची. ही घडी नीट पडली तर मणक्यांमधल्या फटी उघडतात आणि सुई पहिल्या फटक्यात जाते. वरचा खांदा पुढे कलला किंवा कंबर तिरकी झाली तर चांगल्या चांगल्यांना तीन-तीनदा टोचावं लागतं. तरुण पोरं लाजेखातर ताठ राहतात, पाठ उलटी पन्हळीसारखी करतात. त्यांना मी म्हणायची, 'मांजर चिडल्यावर पाठ कशी काढतं, तशी काढ.' मग बरोबर जमायचं. तुझ्या भावाचे पाय सुटलेत, त्यामुळे त्याला स्वतःला गुडघे पोटाशी धरून ठेवता येणार नाहीत. धरणारा माणूस भक्कम हवा. हे नक्की सांगून ठेव.

पाठ पुसतात ते औषध गार लागतं, त्यानेच निम्मे लोक 'टोचलं का?' विचारतात. मग मध्ये भोक असलेला हिरवा कपडा. मग भूल, ती चरचरते, खिशावाल्यांनी लिहिलंय तसं. ती भिनायला दोन-तीन मिनिटं थांबायचं. घाईतले लोक थांबत नाहीत, तेव्हा भावाने खुशाल म्हणावं, 'डॉक्टर, अजून टोचतंय.' मग खरी सुई. लांब असते, नऊ सेंटीमीटरच्या आसपास, पण बारीक, आणि तिच्या पोकळीत एक तार बसवलेली असते. लांबी बघून नातेवाईक घाबरतात म्हणून तो ट्रे मी कपड्याखाली ठेवायची. डॉक्टर सुई बेंबीच्या रोखाने किंचित वर कलवून हळूहळू सारतात. कातडी, चरबी, मणक्यांना बांधून ठेवणारे चिवट बंध, मग आवरण. आवरण पार झालं की हाताला 'टप्' असं सुटल्यासारखं लागतं. तार काढली की सुईच्या मागच्या टोकाशी एक थेंब जमतो, फुगतो आणि पडतो.

तो पहिला थेंब मी शेकडो वेळा पाहिला असेन. चांगलं पाणी असेल तर नळाच्या पाण्याहून वेगळं काही दिसत नाही. तेव्हाही प्रत्येक वेळी जरा श्वास रोखला जायचा, कारण गढूळ आलं तर पुढची धावपळ वेगळी.

काही वेळा तिथे आधी एक उभी नळी जोडून दाब मोजतात. पाणी नळीत चढतं आणि श्वासाबरोबर वरखाली डोलतं. २५ सेंटीमीटरच्या वर गेलं तर दाब जास्त. मोजताना पेशंटची घडी जरा सैल करायची असते, नाहीतर पोट दाबलेलं असल्यामुळे आकडा खोटाच वाढतो. मग तीन-चार छोट्या बाटल्यांत थेंब थेंब गोळा करायचे. सिरिंजने ओढत नाहीत, आपोआप पडेल तेवढंच. सगळं मिळून साधारण दहा मिली, दोन चमचे. शेवटी तार परत आत घालून सुई काढायची, कापसाने दाबायचं, वर छोटी पट्टी. सगळी तयारी धरून अर्धा तास. सुई आत असते त्यातली थोडीच मिनिटं.

पाणी परत भरतं का, विचारलंस. शरीरात एका वेळी ते १५० मिलीच्या आसपास असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या घरात नवं तयार होतं, जुनं रक्तात शोषलं जातं. दोन चमचे तासाभरातच भरून निघतात.

आणि आता तुझ्या बाबांचं. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या वॉर्डात एक गवंडी आला होता. तिशीचा, तुझ्या भावासारखाच, पायांना मुंग्या, मग जिना चढवेना. संध्याकाळी भावाच्या खांद्यावर हात टाकून चालत वॉर्डात आला. रात्री एलपी झाली, मीच धरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे दोन्ही पाय पूर्ण गेले, तिसऱ्या दिवशी हात. त्याचा भाऊ कॉरिडॉरमध्ये मला अडवून ओरडला, 'चालत आणला होता हो आम्ही त्याला! तुम्ही सुई मारलीत आणि बघा काय केलंत!' मी नवीन होते. तोंडाने उत्तर दिलं, पण त्या रात्री ड्युटीवर बसून मी स्वतःलाच विचारलं, खरंच आपल्याकडून काही झालं का? धरताना हात ढिला पडला का? सकाळी आमच्या रजिस्ट्रार डॉक्टरांनी कागदावर मणके काढून दाखवले, दोरी कुठे संपते, सुई कुठे जाते. आणि म्हणाले, 'सिस्टर, हातांचं काय सांगाल? हातांचे तंतू मानेतून निघतात. कमरेतल्या सुईने हात कसे जातील?' तेव्हा डोक्यात उजेड पडला.

या आजाराची चालच तशी आहे. खालून वर चढतो, बहुतेकांत दोन आठवडे, काहींत चार आठवड्यांपर्यंत वाढत जातो, मग थांबतो, मग उतरतो. एलपी होते ती चढत्या दिवसांत. म्हणजे एलपीनंतर माणूस आणखी लुळा पडतो हे काकांनी पाहिलं असेल तर खरंच पाहिलं असेल. ते खोटं बोलत नाहीत. फक्त सुई नसती टोचली तरी तेच झालं असतं. पाठीतलं पाणी धडधाकट माणसाचं कोणी काढत नाही. ज्याचं काढतात तो आधीच बिकट अवस्थेत असतो, आणि त्यातला एखादा बिघडला की नाव सुईचं.

म्हणून बाबांना आजच सांग, सुईच्या आधी: उद्या-परवा त्याचे पाय आणखी ढिले पडतील, कदाचित हातही. तो आजार असेल. हे आधी सांगितलेलं असणं आणि नंतर सांगणं यात फार फरक पडतो.

तो गवंडी तीन महिन्यांनी काठी टेकत ओपीडीत आला. त्याचा भाऊ बरोबर होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, 'बरं आहे आता.' मला तेवढं पुरलं.

एक विसरलेच. भाऊ चोवीस वर्षांचा आहे, शुद्धीत आहे. सही त्याची लागते, बाबांची नाही. बाबांचा मान ठेवा, समजवा, पण निर्णय त्याच्याशी बोला.

स्पष्टवक्ता (१०:४०)

ठीक आहे, पण माझा प्रश्न तसाच आहे. एमआरआय का नाही?

निवृत्त_सिस्टर (१०:५२)

एमआरआय हा फोटो आहे हो. मणका कुठे दाबतोय, गाठ आहे का, ते दाखवतो, आणि तोही याच्यात लागू शकतो. पण पाण्यात पेशी किती, साखर किती, प्रोटीन किती, जंतू कुठला, हे फोटोत मोजता येत नाही. विहिरीचा फोटो काढून पाणी खारं की गोडं ते कळेल का?

आणि सुई अगदी निरुपद्रवी आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट फार कमी असतील, टोचायच्या जागेवर गळू असेल तर करत नाहीत. डोक्यात गाठ किंवा मोठी सूज असेल तर खालून पाणी काढल्यावर वरचा मेंदू खाली सरकायचा धोका असतो, म्हणून झोपाळलेल्या, फिट आलेल्या, एका बाजूने लुळ्या पेशंटचं आधी सीटी करतात. चंद्रकोर, प्लेटलेट आणि गोळ्यांचं तू उद्या स्वतःहून विचार. आणि टोकदार सुई आहे की पेन्सिल टोकाची तेही विचार. पेन्सिल टोकाची सुई आवरण कापत नाही, धागे बाजूला सारून जाते. तिने खिशावाल्यांसारखी डोकेदुखी शंभरात चारेक जणांना होते, जुन्या धारदार टोकाच्या सुईने अकराएक जणांना. तिच्याने काम होत असेल आणि वॉर्डात असेल तर तीच मागा.

दिवसभर सपाट झोपवून ठेवल्याने ती डोकेदुखी टळते असं आम्ही वर्षानुवर्षं मानत आलो. मी स्वतः किती जणांना उठल्याबद्दल ओरडलेय! आता सिद्ध झालंय की त्याने काही टळत नाही. ज्यांना ओरडले त्यांची माफी.

चंद्रकोर_११ (११:१०)

ताई, वाचता वाचता थांबले. एक विचारू? माझं सिझेरियन झालं तेव्हा मला बसवून पाठीत इंजेक्शन दिलं होतं. ते हेच का?

निवृत्त_सिस्टर (११:१४)

तीच जागा, तशीच सुई, तीच पिशवी. तुझ्या वेळी आत औषध सोडलं, त्याच्या वेळी पाणी बाहेर काढायचं. एवढाच फरक.

बाबांना हे माहीत आहे का?

चंद्रकोर_११ (११:१६)

नाही. उठतेच आता, जागे आहेत ते.

थेंबेथेंबे (११:३८)

प्रयोगशाळेत असतो म्हणून बाटल्यांचं सांगतो, बाकी सिस्टरनी सगळं लिहिलंय.

तीन-चार बाटल्या का, असं लोक विचारतात. एक साखर-प्रोटीनला, एक जंतूंना, एक पेशी मोजायला. क्रम आपापल्या ठिकाणी बदलतो. सुई जाताना वाटेत एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली तर पहिल्या बाटलीत लाली येते आणि शेवटच्या बाटलीपर्यंत ती फिकी होत जाते. मेंदूत खरोखर रक्तस्राव झाला असेल तर सगळ्या बाटल्या सारख्याच लाल. म्हणून बाटल्यांवर नंबर टाकलेले असतात आणि ते अदलाबदल झालेले मला अजिबात चालत नाहीत.

आमच्याकडे पाणी आलं की हातातलं काम बाजूला. या पाण्यातल्या पेशी लवकर विरतात, तासाभरात मोजल्या नाहीत तर आकडा खाली येतो आणि अहवाल चुकतो. रेघा आखलेल्या काचेवर एक थेंब सोडून चौकटी चौकटीने पांढऱ्या पेशी मोजायच्या. निरोगी माणसात घनमिलिमीटरला ० ते ५, कधी कधी अख्खी काच रिकामी दिसते. जंतूंमुळे आवरणाला सूज असेल तर हजारांत असतात आणि साखर तळाला गेलेली. क्षयाची असेल तर दुसऱ्या जातीच्या पेशी, साखर कमी, प्रोटीन खूप वर, आणि बाटली ठेवून दिली तर कधी कधी वर कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा धरतो. व्हायरलमध्ये साखर बहुधा जागेवर. साखर कमी की जास्त हे रक्तातल्या साखरेशी ताडून ठरतं, साधारण दोन तृतीयांश असावी लागते. म्हणून त्याच वेळी रक्तही घेतात. त्याला वैतागू नका.

जीबीएसमध्ये उलटी गंमत असते. पेशी नॉर्मल, प्रोटीन मात्र वाढलेलं. १९१६ मध्ये गियां, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या पाण्यात हीच विसंगती पाहिली आणि त्यावरून हा आजार वेगळा ओळखला गेला. म्हणजे आजाराला नाव मिळालं तेच या सुईमुळे. तिसऱ्याचं नाव लोक विसरले, बिचारा.

पण लक्षात ठेवा, पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचं प्रोटीन अजून वाढलेलं नसतं. अहवाल नॉर्मल आला तर 'उगाच टोचलं' म्हणू नका.

चंद्रकोर_११ (गुरुवार, दुपारी ३:०५)

झालं.

काल रात्री बाबांना माझ्या सिझेरियनचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तुला दिली होती आणि तू मला सांगितलं नाहीस?' मी म्हटलं, बाबा, मलाच धड माहीत नव्हतं. सकाळी भावाने सही केली तेव्हा बाबा बाजूला उभे होते.

आत एकालाच थांबू दिलं, मी थांबले. धरायला दोघं होते, मी मुद्दाम सांगितलं होतं. ताई, तुमचं मांजर मी त्याच्या कानात सांगितलं, तशातही हसला. एकदा डाव्या पायात झटका गेला, त्याने 'डावा, डावा' सांगितलं, डॉक्टरांनी सुई जराशी मागे घेऊन पुन्हा सारली. 'छान सांगितलंस' म्हणाले. पाणी स्वच्छ आलं. बाटल्या घेऊन मीच लॅबपर्यंत धावले, नंबर बघत बघत.

संध्याकाळपासून इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देतात ती प्रतिकारक प्रथिनं) सुरू करणार, पाच दिवस. पाणी आधी घेतलं ते बरं झालं म्हणाले, कारण या औषधानेच पाण्यातल्या पेशी आणि प्रोटीन वाढू शकतं, मग वाचताना घोळ होतो. म्हणून सकाळची घाई होती तर. काल दोन मिनिटांत एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं!

चंद्रकोर_११ (शनिवार, रात्री ८:३०)

अहवाल आला. पेशी २, साखर नॉर्मल, प्रोटीन ३८, म्हणजे तेही नॉर्मल. थेंबेथेंबे, तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज भांडलेच असते. डॉक्टर म्हणाले चौथ्या दिवशी असंच असू शकतं, पेशी वाढलेल्या नाहीत म्हणजे दुसरे बरेच आजार बाजूला पडले. औषध चालूच आहे, ते अहवालासाठी थांबलेलं नव्हतंच.

काल पाय अजिबात हलेनात. आज ग्लास धरताना हात थरथरला. काकांचा फोन आला होता, 'मी म्हटलं नव्हतं?' बाबांनीच फोन घेतला. म्हणाले, 'हाताचे तंतू मानेतून निघतात, कमरेतून नाही.' आणि ठेवून दिला. मी बघतच राहिले.

दर चार तासांनी त्याला एका श्वासात आकडे म्हणायला लावतात. परवा ३४ पर्यंत जात होता, आज २२.

निवृत्त_सिस्टर (९:०२)

ते आकडे श्वासाच्या स्नायूंची ताकद बघायला असतात. तूही वहीत वेळ घालून लिही. झपाट्याने उतरायला लागले, खोकला नीट काढता येईना, पाणी पिताना ठसका लागायला लागला तर राउंडची वाट न बघता त्याच क्षणी सिस्टरला हाक मार. आयसीयूत नेतो म्हणाले तर घाबरू नकोस, नजर ठेवायला नेतात. डोकं दुखतंय का उठवल्यावर?

चंद्रकोर_११ (९:१०)

नाही. पेन्सिलवाली होती, विचारलं होतं मी.

रिकामा_खिसा (९:१५)

नशीबवान.

चंद्रकोर_११ (पुढच्या बुधवारी, संध्याकाळी ६:४०)

२२ वरून १९ वर आला होता, दोन दिवस तिथेच अडकला. काल २१, आज सकाळी २६. आयसीयूत न्यावं लागलं नाही. पाय अजून तसेच, पण डावा अंगठा हलतोय असं तो म्हणतो. मला दिसत नाही, त्याला जाणवतं म्हणे.

आज अंग पुसताना बाबांनी त्याला कुशीवर वळवलं आणि चष्मा लावून पाठीवर सुईची खूण शोधली. सापडली नाही. मला विचारलं, 'नक्की इथेच ना?'

निवृत्त_सिस्टर (७:०५)

अंगठ्याचं खरं असेल, पेशंटला आधी कळतं. दर दोन तासांनी कूस बदला, टाचांखाली घडी ठेवा, पोटऱ्या दुखतात म्हणाला तर चोळू नका, डॉक्टरांना सांगा, आणि पाय ओढू नका. आणि आकडे लिहायचे थांबवू नकोस.